मावळांतील उंट



बुद्धिबळाच्या पटावर हत्ती सरळ चालतो, घोडा अडीच घरें उडी घेतो आणि उंट तिरपा धांवतो. त्या पटावर डोंगर नाहीं, चिखल नाहीं, आषाढ महिना तर नाहींच नाहीं. तेव्हां उंटाला अडविणारें काय तें दुसरें मोहरेंच असतें. खऱ्या मोहिमेंत मात्र उंटाची पहिली गांठ पडते ती पायाखालच्या जमिनीशीं. लढायांच्या हकीकती आपण वाचतों तेव्हां सरदारांचीं नांवें लक्षांत ठेवतों, तहाच्या तारखा पाठ करतों. परंतु त्या सरदारांचे तंबू, दाणागोटा आणि दारूगोळा ज्यांच्या पाठीवरून गेला, त्या मुक्या जनावरांकडे सहसा कोणी पाहत नाहीं. आज थोडा वेळ त्यांच्यापैकीं एकाकडे पाहावें, आणि वाळवंटासाठीं घडलेला हा प्राणी भोर-वेल्ह्याच्या मावळांत आला तेव्हां त्याचें काय झालें असावें याचा विचार करावा, असा माझा मानस आहे.

१० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाखालीं अफझलखान मारला गेला आणि जावळीच्या रानांत त्याची फौज मोडली. त्या दिवशीं हातीं आलेल्या लुटीची याद सभासद बखरींत दिलेली आहे. तींत पासष्ट हत्ती आणि चार हजार घोडे यांच्या जोडीला बाराशें उंट आहेत. बखरींतले आंकडे जोखून घेण्याची संवय इतिहासकारांना असते आणि ती योग्यच आहे. पण आंकडा निम्मा धरला तरी सहाशें उंट त्या किर्र रानांत उतरले होते, हें कबूल करावें लागतें. वाईहून पारास येतांना खानाच्या फौजेला रडतोंडीचा घाट उतरावा लागला. घाटाचें नांवच पुरेसें बोलकें आहे. खानास वाट सोपी व्हावी म्हणून शिवाजी महाराजांनीं रान तोडविलें, असें सांगतात. वाट येण्यापुरती सोपी होती, जाण्यासाठीं नव्हती. रोहिडखोऱ्यांतील कारी गांवचे कान्होजी जेधे त्या दिवशीं महाराजांच्या बाजूनें लढले. असल्याच डोंगरांत वाढलेलीं त्यांचीं माणसें झाडींतून हवीं तशीं येत जात होतीं; उंटांना तेथून पळूनही जातां आलें नाहीं.

म्हणून महाराजांना उंटांचें वावडें होतें असें मात्र कोणी समजूं नये. त्यांच्या राज्यांतील अठरा कारखान्यांत पीलखाना होता, तसा उष्टरखानाही होता. देशावरच्या सपाट मुलुखांत ओझें वाहण्यास आणि निरोप पोंचविण्यास उंटासारखें जनावर नाहीं. सांडणी, म्हणजे स्वारीची उंटीण, हिच्या पायांवर पुढें पेशवाईचा केवढा तरी कारभार चालला. सांडणीस्वार आला म्हटलें कीं वाड्यांतील माणसांचा श्वास अडके. बातमी बरी कीं वाईट, हें तो उतरेपर्यंत कळत नसे. पानिपतावर अहमदशहा अब्दालीजवळ दोन हजार उंट होते आणि प्रत्येकावर मोठ्या तोंडाच्या बंदुका घेतलेले दोन दोन बरकंदाज बसलेले होते, असें काशीराज पंडित आपल्या वृत्तांतांत सांगतो. त्या बंदुकांना जंबुरक म्हणत. कुरुक्षेत्राजवळचें तें मैदान म्हणजे उंटाला घरचें अंगणच. घाटांत मात्र निरोप घेऊन जाई तो पायीं चालणारा कासीद किंवा जासूद. राजगड जवळजवळ पाव शतक महाराजांची राजधानी होता. पण पाल गांवाकडून चढणारी त्याची वाट ज्यानें पाहिली आहे, त्याला गडावर ओझें कोणाच्या डोक्यावरून चढत असेल हें सांगावयास नको.

देश कोठें संपतो आणि मावळ कोठें सुरू होतें? भोर आणि वेल्हे या पुणें जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील भागांत ही रेषा जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच दिसेल. रोहिडखोरें, हिरडस मावळ, वेळवंड खोरें, गुंजण मावळ, कानद खोरें हीं या भागाचीं जुनीं नांवें. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्या सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावून पूर्वेकडे उतरतात. वरंधा घाटाच्या माथ्यावर पावसाळ्यांत उभें राहिलें तर डोळ्यांपुढें धुकें आणि कानांत पाण्याचा आवाज, याशिवाय दुसरें कांहीं नसतें. तेथून सरळ रेषेंत पन्नास किलोमीटरांच्या आंत शिरवळाकडे यावें, तों पाऊस कितीतरी पटींनीं कमी झालेला असतो. भाताचीं खाचरें मागें पडून ज्वारी-बाजरीचीं शेतें लागतात आणि बांधावर बाभळी दिसूं लागतात. जेथें बाभूळ दिसली तेथून पूर्वेस उंटाचें राज्य. तिच्या पश्चिमेस त्यानें पाहुण्यासारखें यावें आणि मृगापूर्वीं परत जावें.

असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं उंटाचा देह पाहिला पाहिजे. बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेलें असतें कीं उंट आपल्या मदारींत पाणी सांठवितो. मींही तें ऐकलें होतें आणि बरेच दिवस खरें मानलें होतें. मदारींत पाणी सांठविलेलें नसतें. तेथें असते ती चरबी. ही चरबी अंगभर पसरली असती तर गोधडीसारखी उष्णता आंत कोंडून राहिली असती. ती पाठीवर एके ठिकाणीं रचून ठेवल्यामुळें बाकीचें अंग उष्णता बाहेर टाकण्यास मोकळें राहतें. चरबी शरीरांत जळतांना कांहीं पाणी निर्माण होतें हें खरें. परंतु ती जाळण्यासाठीं जो श्वास घ्यावा लागतो, त्यावाटे जवळजवळ तितकेंच पाणी निघून जातें. तेव्हां मदार ही पाण्याची पखाल नव्हे, शिधासामुग्रीची गोणी होय.

पाण्याचा खरा हिशेब लाविला तो क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञानें. १९५३-५४ सालीं सहारा वाळवंटांत बेनी आब्बेस या गांवीं राहून त्यानें उंटांवर प्रयोग केले. आपलें अंग एक-दोन अंशांनीं तापलें कीं आपण वैद्याकडे धांवतों. तहानलेल्या उंटाचें अंग पहांटे ३४ अंश सेल्सिअस असतें आणि दुपार कलतां कलतां ४१ अंशांपर्यंत चढतें. दिवसाची उष्णता तो अंगांत सांठवून ठेवतो आणि रात्रीच्या थंड, कोरड्या हवेंत सोडून देतो. पांचशें किलो वजनाच्या उंटाचा यामुळें दिवसाला सुमारें पांच लिटर घाम वांचतो. पाठीवरचे दाट केंस उन्हाला वरच्या वर अडवितात. उंटाचे केंस कातरले तर त्याचें पाणी जवळजवळ दीडपट खर्च होतें, असें त्या प्रयोगांत दिसून आलें.

उन्हाळ्यांत वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी गमावलें कीं इतर बहुतेक जनावरांचें रक्त दाट होऊन तीं मरतात. उंट पंचवीस टक्के गमावूनही चालत राहतो, कारण तें पाणी रक्तांतून थोडें आणि शरीराच्या इतर भागांतून अधिक जातें. विहिरीवर पोंचला कीं दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी पोटांत घेतो. दुसऱ्या कोणाच्या रक्तांतील तांबड्या पेशी या पुरानें फुटल्या असत्या. उंटाच्या पेशी लंबगोल असतात आणि दुपटीहून अधिक फुगल्या तरी टिकतात. बाहेर जाणाऱ्या श्वासांतील वाफेचा कांहीं अंश नाकपुड्यांतच थंड होऊन त्याला परत मिळतो. मूत्र पाकासारखें दाट. लेंड्या इतक्या कोरड्या कीं लागलींच चुलींत घालाव्या. पाण्याच्या बाबतींत इतका चिक्कू प्राणी विरळा.

आणि पाय! उंटाच्या पावलाला दोन बोटें असतात. पुढें नखें तेवढीं. गाईबैलांसारखा खूर नाहीं. दोन्ही बोटांखालीं एकच रुंद, नरम गादी असते. वाळूवर पाऊल टेकलें कीं ही गादी भाकरीसारखी पसरते आणि एवढा थोरला प्राणी रुतत नाहीं. गंमत अशी कीं या गादीचा जन्म कदाचित् वाळूवर झालाच नसेल. उंटाचे पूर्वज उत्तर अमेरिकेंत निर्माण झाले आणि तेथून आशियांत आले. कॅनडाच्या अगदीं उत्तरेकडील एल्झमिअर बेटावर सांपडलेलीं सुमारें पस्तीस लाख वर्षांपूर्वींच्या उंटाचीं हाडें २०१३ सालीं प्रसिद्ध झालीं. तेव्हांपासून रुंद पाऊल आणि चरबीची मदार हीं मूळचीं बर्फासाठीं असावींत आणि वाळवंटांत तीं आयतीच उपयोगी पडलीं असावींत, असा तर्क कांहीं विद्वान् करतात.

आतां हाच प्राणी जुलै महिन्यांत गुंजवणीच्या कांठीं भातखाचराच्या बांधावर उभा आहे अशी कल्पना करा. जी गादी वाळूवर पसरते, तीच ओल्या मातीवर घसरते. मातींत रोवावयास खुराची धार नाहीं. बैलाचा पाय रुततो आणि निघतो. उंटाचे पाय दोन बाजूंना फांकतात, आणि एकदां मागचे पाय फांकून तो बसला कीं कंबरेला इजा होऊन पुष्कळदां पुन्हा उठत नाहीं. त्याच्या पाठीवर दीड-दोनशें किलो ओझें असेल तर विचारूंच नका. ऊन अडविणारे केंस पावसांत भिजून दिवसेंदिवस वाळत नाहींत. भोंवतीं हिरवें गवत गुडघाभर वाढलेलें. पण उंट हा झाडपाला आणि कांटेरी झुडपें ओरबाडणारा प्राणी, आणि त्याला मीठही फार लागतें. खाऱ्या वनस्पतींवर पोसलेला हा जीव धो धो पावसानें धुऊन निघालेल्या मुलुखांत चारा असून उपाशी राहतो. त्यांत पावसाळ्यांत गोमाशांचा सुळसुळाट. या माश्या ‘सर्रा’ नांवाच्या रोगाचे सूक्ष्म जंतु एका जनावरापासून दुसऱ्याकडे नेतात. ते जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तांत शोधून काढले. उत्तरेकडे उंटाच्या या रोगाला ‘तिबरसा’ म्हणतात. तीन वर्षें झिजवून मारतो म्हणून. कोणत्या मोहिमेंत किती उंट या रोगानें गेले याची मोजदाद जुन्या तवारिखांत मिळणार नाहीं. परंतु पावसाळी प्रदेशांत उंट कां टिकत नाहीं याचें हें एक मोठें कारण आहे.

अपवाद सांगितलाच पाहिजे. कच्छच्या किनाऱ्यावरील खराई जातीचे उंट खाडी पोहून जातात आणि तिवरांचा पाला खातात. पण ती पिढ्यानुपिढ्या त्या किनाऱ्यावर घडलेली जात. तिला खारा पाला तोंडापुढें असतो आणि डोंगर चढावा लागत नाहीं. मोंगल बादशहांचे उंट निराळे. अजमेर, जोधपूर, नागोर, बिकानेर, जैसलमेर येथील उंट उत्तम, आणि सिंधेंत त्यांची संख्या मोठी, असें अबुल फजल आईने-अकबरींत लिहितो. त्यांना तेल केव्हां चोळावें, नाकांत केव्हां सोडावें याचे नियमही तो देतो. एवढी निगा राखलेलीं हीं थरच्या वाळूचीं लेकरें शेवटीं सह्याद्रीच्या कुशींत येऊन पोंचलीं.

तीं कशीं पोंचलीं तें आतां पाहूं. संभाजी महाराजांच्या वधाला दहा वर्षें झालीं तरी मराठे नमत नाहींत, असें पाहून ऑक्टोबर १६९९ मध्यें औरंगजेब भीमेकांठच्या ब्रह्मपुरीच्या तळावरून गड घेण्यास स्वतः बाहेर पडला. वयाचीं ऐंशी वर्षें त्यानें ओलांडलीं होतीं. दूर बसून हुकूम सोडणाऱ्याला आपण उंटावरून शेळ्या हांकणारा म्हणतों. औरंगजेबावर तो आरोप करतां येणार नाहीं. तो शेळ्यांच्या वाटेनें स्वतः चालत आला. त्याच्याबरोबर चालत होतें तें एक शहर. चार वर्षांपूर्वीं कृष्णाकांठीं गलगल्यास इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी यानें बादशाही छावणी पाहिली, तेव्हां तींत लाखों माणसें होतीं आणि तिचा घेर तीस मैल होता, असें तो सांगतो. नगर, सोलापूर, विजापूर हा कोरडा मुलूख. तेथें हें शहर उंट, बैल आणि हत्ती यांच्या पाठीवरून हलूं शकत होतें. सातारा, परळी, पन्हाळा असे गड पडत गेले आणि बादशहाची नजर विशाळगडाकडे, म्हणजे त्या वेळच्या खेळण्याकडे, वळली.

खेळणा भोरपासून दूर दक्षिणेस आहे, पण सह्याद्रीच्या त्याच माथ्यावर. आणि तेथें जें झालें त्यावांचून भोरकडची गोष्ट समजणार नाहीं. डिसेंबर १७०१ मध्यें सुरू झालेला वेढा जून १७०२ पर्यंत रेंगाळला. शेवटीं परशुराम त्रिंबकांनीं मोठी रक्कम घेऊन गड खालीं केला. बादशहानें गडाला सखरलाना असें नवें नांव दिलें आणि १० जूनला परतीचा कूच केला. मृग लागला होता. खेळण्यापासून पन्हाळ्यापर्यंतचें अंतर तीस मैल. तें कापण्यास बादशाही लष्करास अडतीस दिवस लागले. ओढे नद्या झाले, तंबू भिजून उचलेनासे झाले, दाण्याचा भाव भडकला आणि ओझ्याचीं जनावरें वाटेवर मरत गेलीं. दिवसाला एक मैलसुद्धां न चालणाऱ्या त्या लष्करांत उंटांच्या पायांची काय दशा झाली असेल, तें मघांच्या वर्णनावरून ताडतां येईल. त्या प्राण्याच्या अंगीं असलेला एकही गुण तेथें उपयोगाचा नव्हता. तहान सोसण्याची त्याची विद्या, वरून पाऊस कोसळत असतां, कोणाला हवी होती?

येथें एक भूमिका स्पष्ट करतों. मोंगल उंटांमुळें हरले, असें माझें म्हणणें नाहीं. त्या चिखलांत बैल, घोडे, हत्ती आणि माणसें हीं सारींच मेलीं. मराठ्यांचें स्वराज्य राखलें तें ताराबाईंच्या हिमतीनें, धनाजी जाधवांसारख्या सेनानींनीं आणि गडोगडच्या नांव न राहिलेल्या माणसांनीं. परंतु ज्या सत्तेचें अन्न आणि दारूगोळा कोरड्या मुलुखाच्या जनावरांच्या पाठीवर अवलंबून, तिचा हात पावसाळी डोंगरांत लांब पोंचत नाहीं. एवढें मात्र मला खात्रीनें वाटतें. बादशहालाही तें उमगलें असावें. पुढच्या दोन मोहिमांच्या तारखाच पाहा.

२७ डिसेंबर १७०२ रोजीं त्यानें सिंहगडाला वेढा घातला आणि ८ एप्रिल १७०३ रोजीं पैसे देऊन तो ताब्यांत घेतला. गड हातीं येतांच पावसाळ्यापूर्वीं तो पुण्यास उतरला आणि सारा पावसाळा तेथें बसून राहिला. गुंजण मावळ पुण्याहून जवळ. पण आषाढ-श्रावणांत त्यानें तिकडे पाऊल टाकलें नाहीं. २ डिसेंबर १७०३ रोजीं, भातें कापून झाल्यावर आणि वाटा वाळल्यावर, राजगडाचा वेढा सुरू झाला. म्हणजे वेल्ह्याच्या खोऱ्यांत बादशाही लष्कर आलें तें वर्षाच्या त्याच महिन्यांत, ज्यांत तेथें उंट उभा राहूं शकतो. तरीही उतारांचा प्रश्न उरलाच. चिखल नसला तरी सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या धारदार कपऱ्या वाळूसाठीं घडलेल्या त्या नरम तळव्यांना बऱ्या नव्हेत. आणि उंच पायांवर तोललेलें ओझें घेऊन तीव्र चढ चढणें उंटाच्या घडणीला मानवत नाहीं. दोन महिन्यांहून अधिक काळ लढून १६ फेब्रुवारी १७०४ रोजीं राजगड मोंगलांकडे गेला.

आठवड्यानें, २३ फेब्रुवारीस, तोरण्याभोंवतीं मोर्चे लागले. तोरणा समुद्रसपाटीपासून सुमारें १४०० मीटर उंच. पायथ्याशीं कानद खोरें. या सहा वर्षांतील गडांपैकीं बहुतेक गड बादशहानें पैसा मोजून घेतले होते. तोरणा त्यानें लाच न देतां घेतला. १० मार्चच्या रात्रीं अमानुल्लाखान दोराच्या शिड्या लावून मूठभर माणसांनिशीं कडा चढून गेला. तीं माणसें कोण? मोंगलांच्या चाकरींतलें मावळे पायदळ. हत्ती, उंट, तोफा हें सारें खालीं खोऱ्यांत राहिलें आणि मावळांतला गड अखेर मावळ्यांच्याच अनवाणी पायांनीं घेतला गेला. बादशहानें गडाला फुतुहुल्घैब हें नांव दिलें, म्हणजे अदृष्टाकडून लाभलेला विजय. वेल्ह्यांतील लोक त्याला तेव्हांही तोरणा म्हणत होते आणि आजही म्हणतात.

मार्च संपण्याच्या सुमारास छावणी उठली. १७ एप्रिल १७०४ रोजीं बादशहा चाकणच्या उत्तरेस खेड येथें पोंचला. पावसाळ्याचे महिने त्यानें तेथें उघड्या मुलुखांत काढले, आणि ऑक्टोबरांत तो दक्षिणेस वाकिनखेड्याच्या रोखानें निघाला. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांत तो पुन्हा आला नाहीं. १७०७ सालीं अहमदनगरास वारला. सिंहगड मराठ्यांनीं १७०५ सालींच परत मिळविला होता, आणि पुढें राजगड व तोरणाही त्यांच्याकडे आले. या खोऱ्यांत राहून तो झगडा चालविणारे शंकराजी नारायण सचिव. त्यांच्या वंशाकडे भोरचें संस्थान चाललें, तें १९४८ सालीं मुंबई प्रांतांत विलीन झालें.